नाव संताचे, स्थानक कोणाचे?

मुंबईच्या मोनोरेलच्या दक्षिण टोकास जे स्थानक आहे, त्यास तीन नावे आहेत. लोकांच्या तोंडी ते सात रस्ता, इंग्रजी अमदानीच्या स्मरणाने जेकब सर्कल, आणि अधिकृतपणे संत गाडगे महाराज चौक. याच मार्गावर भारत पेट्रोलियम व फर्टिलायझर टाउनशिप अशीही स्थानके आहेत. त्या पंक्तीत संताचे नाव यावे, याचे आम्हांस प्रथम कौतुकच वाटले.

शिवाय नाव अस्थानी नाही. गाडगे महाराज (1876–1956) परीट समाजात जन्मले. आणि महालक्ष्मीचा धोबीघाट येथून हाकेच्या अंतरावर आहे. वापीहून गाडीने मुंबईस जाणाऱ्या आमच्या राखोली-सिल्वासाच्या वाचकांपैकी अनेकांनी तो महालक्ष्मीच्या पुलावरून पाहिला असेल.

परंतु संताचे नाव धारण करणारी वास्तू त्या संताच्या कार्याच्या कसोटीवर पारखली जाणारच. महाराजांनी वास्तू बांधविल्या त्या धर्मशाळा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ज्यांना अन्यत्र ओसरीवरही थारा नव्हता त्यांच्यासाठी उभी राहिली. थकलेल्या पायांस ती जवळ आहे काय, हीच तेथे रचनेची पहिली कसोटी होय.

या कसोटीस स्थानक उतरत नाही. रबरी चाकांवर, एकाच तुळईला बिलगून वळणे घेत येणारी ती गाडी देखणी आहे, हे कबूल केलेच पाहिजे. तथापि 2019 च्या मार्चमध्ये मार्ग येथवर पोहोचला, तेव्हा महालक्ष्मीच्या लोकल स्थानकाशी त्यास जोडणारा थेट पूल नव्हता. प्रवाशाने जिना उतरावा, वाहनांच्या गर्दीतून वाट काढावी आणि पुन्हा जिना चढावा! सुमारे 20 किलोमीटरांचा आणि 17 स्थानकांचा हा मार्ग वर्षानुवर्षे बव्हंशी रिकामा धावला, याचे नवल ते काय? रचनाकाराने गाडीचा विचार केला; गाडीपर्यंत येणाऱ्या माणसाचा केला नाही.

आणि माणसे आली तेव्हा काय घडले? 19 ऑगस्ट 2025 रोजी अतिवृष्टीने हार्बर मार्गाच्या लोकल बंद पडल्या व लोकांनी मोनोरेलकडे धाव घेतली. 104 टनांची मर्यादा असलेल्या गाडीवर 109 टन भार झाला, आणि म्हैसूर कॉलनीनजीक ती अधांतरी थांबली. वीज गेली, हवा कोंडली. पाचशेहून अधिक प्रवाशांना अग्निशमन दलाने शिड्यांवरून खाली आणले. एरवी प्रवाशांची वाट पाहणारी गाडी प्रवाशांच्याच भाराने अडली!

20 सप्टेंबर 2025 पासून नव्या गाड्या व नवी संकेतयंत्रणा यांसाठी सेवा थांबविण्यात आली. ही तयारी अवश्य व्हावी. पण ती सारी पुन्हा गाडीचीच तयारी आहे. सात रस्त्यावर उतरणाऱ्या म्हाताऱ्या वारकऱ्यास महालक्ष्मीचे स्थानक जवळ वाटावे, हीच खरी कसोटी होय.