मराठी कादंबरीत न आलेली ‘मंडळी’

‘मंडळी’ हा शब्द मराठीत मोठा गमतीचा आहे. ‘आमची मंडळी माहेरी गेली आहेत’ असे कुणी म्हटले की ती त्याची बायको असते. कीर्तनकाराने ‘मंडळी हो’ अशी हाक घातली की समोर बसलेला वाणी, सुतार, खांबाला टेकलेली म्हातारी आणि तिच्या मांडीवर पेंगणारे पोर, सगळी त्या हाकेत येतात. मराठी ख्रिस्ती माणसाने नेमका हाच शब्द उचलला आणि आपल्या चर्चला दिला. इमारतीला तो खुशाल ‘देऊळ’ म्हणतो; पण चर्च म्हणजे मंडळी. या निवडीत एक वचन दडलेले आहे. येथे जो येईल तो आपल्यातला. हे वचन कितपत पाळले गेले हा धर्मशास्त्राचा प्रश्न होईल. ते पाळताना आणि मोडताना माणसे कशी वागली, हा मात्र कादंबरीचा प्रश्न आहे. आणि मराठी कादंबरीने तो जवळजवळ टाकून दिला अशी माझी तक्रार आहे.

तक्रार उगाच नाही. १८५५ साली इंग्लंडात अँथनी ट्रोलपची ‘द वॉर्डन’ ही कादंबरी निघाली. तिच्यात एक म्हातारा, सज्जन धर्मगुरू आहे. बारा निराधार म्हाताऱ्यांच्या धर्मशाळेचा तो प्रमुख, आणि त्याबद्दल त्याला वर्षाला आठशे पौंड मिळतात. एक तरुण सुधारक विचारतो, हा पैसा मुळात गरिबांचा नव्हे काय? दावा लागतो, वर्तमानपत्रे तुटून पडतात, पुढे दावा मागेही घेतला जातो. पण एकदा मनात शिरलेला प्रश्न म्हाताऱ्याला स्वस्थ बसू देत नाही, आणि तो जागा सोडतो. खून नाही, पळवापळवी नाही. एका मंडळीतल्या एका माणसाची सदसद्विवेकबुद्धी, एवढ्यावर सारी कादंबरी उभी आहे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५७ साली, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिचे नाव घेतो, आणि ती लिहिली एका ख्रिस्ती माणसाने! म्हणजे या विषयाला मराठीत मुहूर्त चांगला लागला होता. पण यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव हिंडते ती हिंदू विधवांची दुःखे पाहत. चर्च या कादंबरीत येते ते वाटेच्या शेवटी दिसणाऱ्या दारासारखे. दार उघडते आणि पुस्तक मिटते. आत गेल्यावर यमुनेच्या शेजारी बाकावर कोण बसले, तिच्या हातचे पाणी कुणी घेतले, कुणाच्या लग्नात तिला बोलावले आणि कुणाच्या नाही, यातले काही पदमनजी सांगत नाहीत. त्यांना मी दोष देणार नाही. त्यांच्या काळी उंबरठा ओलांडणे हेच एवढे भयंकर होते की त्यापलीकडचा संसार लिहायला उसंत नव्हती. पुढे दीडशेहून अधिक वर्षे गेली, त्या वर्षांना ही सबब चालणार नाही.

कादंबरीने जे लिहिले नाही ते पत्रांत आणि आठवणींत मात्र लिहिले गेले, आणि असे लिहिले गेले की कादंबरीने हेवा करावा.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. बिशपांची परंपरा मानणारा जो इंग्लंडचा पंथ, ज्याला तिकडे अँग्लिकन आणि अमेरिकेत एपिस्कोपल म्हणतात, त्याच्या जोगिणींनी १८८३ साली या तरुण विधवेला आणि तिच्या लहानग्या मनोरमेला वाँटेज येथील आपल्या मठात ठेवून घेतले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. परक्या मुलखात घर मिळाले, इंग्रजी मिळाले, माया मिळाली. सिस्टर जेराल्डाइन हिला रमाबाई पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. स्वागत खरे होते, यात मला शंका नाही. आणि म्हणूनच पुढचे भांडण वाचण्यासारखे आहे. ही पत्रे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केली. वरवर पाहिले तर वाद सिद्धांतांचा आहे: त्रैक्य, मतांगीकाराची सूत्रे, बिशपांची आज्ञा. रमाबाईंनी तरुण पुरुषांना शिकवावे अशी गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी नाक मुरडले. ज्या बाईने भर सभांतून शास्त्री-पंडितांना निरुत्तर केले, तिने पुरुषांसमोर बोलू नये म्हणे! रमाबाईंनी याला जे उत्तर दिले ते अगदी सरळ आहे: मी धर्म स्वीकारला, माझी बुद्धी कुणाच्या स्वाधीन केलेली नाही.

माझे लक्ष त्याहून बारीक गोष्टींकडे जाते. बाई ख्रिस्ती झाल्या तरी मांसाशनाला शिवल्या नाहीत. मठातल्या मंडळींना हे खुपले. यात जुन्या जातीचा ताठा उरला आहे, असे त्यांना वाटले. रमाबाईंनी चिडून, पण विनोद न सोडता कळवले की माझा गर्व तुम्हाला दूधभातात आणि लोण्यात शोधायचा असेल तर शोधा. तसेच त्या क्रुसाचे. त्यांना मिळालेल्या क्रुसावरची अक्षरे लॅटिन होती. जी भाषा ना माझी ना माझ्या लोकांची, ती मी गळ्यात का बाळगावी? अक्षरे हवीतच तर संस्कृत असू देत, असे त्यांचे म्हणणे. ताट आणि चार अक्षरे! पण ज्याला संसार ठाऊक आहे त्याला कळेल की सून घरात आली की खरी परीक्षा अशाच जागी होते. ‘हे घर तुझेच आहे’ असे सासू म्हणते; पण आमटी माझ्या पद्धतीची झाली पाहिजे.

याच्या उलट बाजूची गोष्ट १८९० सालची. याच पंथाचे आणि याच जोगिणींचे ठाणे पुण्यात पंचहौद येथे होते. तेथल्या एका समारंभाला रानडे, टिळक आणि पुण्यातले बरेच प्रतिष्ठित गेले. पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. कुणी घेतला, कुणी घेतल्यासारखे केले. गोपाळराव जोशांनी नावे छापून टाकली आणि पुण्यात असा धुरळा उडाला की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. नामवंतांना प्रायश्चित्ते घ्यावी लागली. या ‘चहाच्या ग्रामण्या’वर आपण अजून हसतो. पण ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहा. वाँटेजला एका बाईने खाल्ले नाही म्हणून तिच्या मनाविषयी संशय. पुण्याला काही पुरुषांनी प्यायले म्हणून त्यांच्या जातीविषयी संशय. दोन्हीकडे माणसाची पारख त्याच्या तोंडाशी गेलेल्या घासावरून. ज्यांना आपण परस्परविरोधी समजतो अशा दोन समाजांची ही जुळी खोड एखाद्या मराठी कादंबरीकाराच्या नजरेत भरू नये, याचे मला नवल वाटते.

रमाबाईंनी परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी शारदासदन काढले ते आपल्या गिरगावात, चौपाटीजवळ. गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई, त्याच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. सदन पुढच्याच वर्षी पुण्याला गेले. तेथे मुलींनी आपापला धर्म पाळावा अशी मोकळीक होती. बाई स्वतः प्रार्थना करीत, पण खोलीचे दार लावून घेत नसत. मुली आत येऊन बसू लागल्या. एवढ्यावरून १८९३ साली केवढे वादळ! सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार उघडे ठेवणे हे आमिष की औदार्य? बाईंच्या बाजूने बोलणारे एक सांगतील, केसरीवाले दुसरे. मला विचाराल तर दोघांचेही थोडे थोडे खरे होते. आणि असे जेथे असते तेथे कादंबरी असते.

आता लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ ते १९३६ या काळात ती चार भागांत निघाली. आम्ही मास्तर लोक वर्गात तिच्यातले विनोदी उतारे वाचतो आणि मुले हसतात. समीक्षकांचेही बहुधा तसेच: विक्षिप्त नवरा, सोशिक पण खमकी बायको, निर्मळ भाषा. हे सारे आहेच. पण मला ते पुस्तक मराठीतले मंडळीचे सर्वांत खरे चित्र वाटते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला, अमेरिकन मिशनमध्ये. म्हणजे पंथ वेगळा, बिशप नसलेला. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, मग नवऱ्याच्या संसारात परतल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. वेगळी चूल, वेगळे पाणी. त्यांचे सोवळे एका दिवसात सुटले नाही. पायरीपायरीने, स्वतःशी हुज्जत घालीत सुटले. पाहण्यासारखे आहे ते भोवतालच्या लोकांचे वागणे. ज्यांच्या सावलीचा लक्ष्मीबाईंच्या माहेरी विटाळ होता, अशा घरांतून आलेली माणसे त्या मंडळीत होती. एका ब्राह्मण बाईची वेगळी चूल त्यांनी वर्षानुवर्षे सोसली. म्हणजे स्वागत केले ते कुणी कुणाचे? पाहुणी कोण आणि यजमान कोण? लक्ष्मीबाई हे सगळे हसत हसत सांगून जातात आणि आपण हसत हसत वाचून जातो.

त्या सोसणाऱ्या माणसांनी लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ आपल्याजवळ नाही, ही खरी उणीव. जात देवळाच्या दाराबाहेर राहिली नाही, हे डॉ. आंबेडकरांनी धर्मांतरितांविषयी लिहिताना स्पष्ट बजावले आहे. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाकारल्या. म्हणजे शेजारी म्हणणार जात गेली नाही, सरकार म्हणणार जात गेली. या कात्रीत सापडलेला माणूस प्रवचनातला नव्हे. तो भायखळ्याला, परळला आपल्या शेजारी राहतो, नाताळात त्याच्या घरून करंज्या-चकल्यांचे ताट येते आणि दिवाळीत आपले जाते. फादर दिब्रिटोंच्या रूपाने साहित्य संमेलनाला ख्रिस्ती अध्यक्ष मिळाला, उत्तम झाले. पण अध्यक्षपद हा मान झाला, वाङ्मय नव्हे.

टिळकांनी स्वतः १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत ते गेले आणि तो प्रयोग अर्धाच राहिला. त्यांची भजने मात्र सगळ्या पंथांत गेली, बिशप मानणाऱ्यांत आणि न मानणाऱ्यांतही.

तिकडे मुंबईच्या किल्ल्यातले सेंट थॉमस हे या बिशपवाल्या पंथाचे आद्य देऊळ. १७१८ साली ते उघडले आणि त्याच्या बाजूच्या वेशीने चर्चगेट स्टेशनला नाव दिले. कंपनीच्या साहेबांचे संगमरवरी पुतळे तेथे अजून भिंतीला टेकून आहेत. १९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला अँग्लिकन, अमेरिकन मिशनवाले आणि आणखी काही पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची एकच चर्च झाली. साहेबाचे प्रार्थनापुस्तक आणि टिळकांची भजने एका छपराखाली आली. आजवर ज्यांना बिशप नव्हता त्यांना तो मिळाला. कुणी गुडघे टेकणारे, कुणी मांडी घालून बसणारे. कुणाची पेटी कोपऱ्यात गेली, कुणाची पुढे आली. कुणी रुसले असेल, कुणी जिंकल्यासारखे मिरवले असेल. ट्रोलपने एका काल्पनिक परगण्यातल्या अशाच कुरबुरींवर सहा कादंबऱ्या लिहिल्या. आपल्याकडे या ऐक्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली, आणि अजून एकही नाही.