पदनाम, सत्ता आणि मान्यता : भोकरदनच्या महसुली शब्दांवरून

संस्थेतील बदलाला होणारा विरोध सवयीतून किंवा अज्ञानातून उद्भवतो, असा समज प्रशासनविषयक लेखनात रूढ आहे. भोकरदन तालुक्यातील महसुली पदनामांचा इतिहास पाहता हा समज अपुरा ठरतो.

1948 पर्यंत हा तालुका निजामी राज्यात होता. गावचा पटवारी वतनदार. पद ही घराण्याची मिळकत. मॅक्स वेबरने सत्तेच्या मान्यतेचे परंपरा, व्यक्तिप्रभाव आणि कायदा असे तीन आधार सांगितले. पटवाऱ्याचा आधार त्यांपैकी पहिला होय. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि दोन कारभारांची परिभाषा समोरासमोर आली. जमीन महसूल संहिता, 1966 हिने केलेला निवाडा लक्षणीय आहे. मुंबईकडील ‘मामलेदार’ मागे पडून ‘तहसीलदार’ राहिला. गावपातळीवर मात्र ‘पटवारी’ जाऊन ‘तलाठी’ आला. ‘मामलेदार’ व ‘तहसीलदार’ हे दोन्ही शब्द अरबी-फारसी घडणीचे आहेत. तेव्हा येथे प्रश्न भाषाशुद्धीचा नसून एकसूत्री कारभाराचा होता.

‘पाटील’ या शब्दाची गती निराळी. 1962 च्या कायद्याने महसूल पाटलाचे पद रद्द झाले. परंतु 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाने नियुक्त अधिकाऱ्यासाठी ‘पोलीस पाटील’ हेच नाव ठेवले. कायद्याने निर्माण केलेल्या पदाला परंपरेचे वजन असे मिळाले. वेबरचे प्रकार एकामागून एक येणाऱ्या पायऱ्या मानणाऱ्यांना हा शब्द उत्तर देतो. दोन प्रकारच्या मान्यता एकाच पदनामात नांदू शकतात.

1962 च्या ‘पदनाम कोशा’तील ‘आयुक्त’, ‘अभियंता’ हे शब्द रुळले, कारण ते कचेरीच्या आदेशांतून व पाट्यांवरून नित्य भेटत राहिले. पण जेथे कचेरी आणि खातेदार समोरासमोर येतात, तेथे केवळ आदेश पुरत नाही. विदर्भात तर खुद्द कर्मचाऱ्यांनी आपल्या संघटनेचे नाव ‘विदर्भ पटवारी संघ’ असे राखले. हा विरोध अज्ञानाचा म्हणता येणार नाही. पदाची ओळख कोणी ठरवावी, हा त्यातील वाद आहे.

2024 मध्ये ‘तलाठी’ हे पदनाम बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे करण्यात आले. ‘अधिकारी’ या पदाने कर्मचाऱ्याची प्रतिष्ठा वाढेल. खातेदाराला मात्र फेरफाराची नोंद वेळेवर व्हावी, सातबारा बिनचूक असावा, एवढेच हवे असते. नाव बदलूनही नोंदीची किल्ली पूर्वीप्रमाणेच एका हाती राहिली, तर जुना शब्द लोकांच्या तोंडी राहणे हा हट्ट नव्हे; तो व्यवस्थेवरील अभिप्राय समजावा. पदनामाला कायदा जन्म देतो. मान्यता व्यवहारातूनच लाभते.