‘औषध घेता का?’ – ‘नाही’: या उत्तराचं काय करायचं?

समजा, तुम्ही रक्तदात्यांवर संशोधन करताय. फॉर्मवर प्रश्न आहे, ‘सध्या कोणतं औषध घेता का?’ बहुतेकांनी ‘नाही’वर खूण केली. तुम्ही एक्सेलमध्ये शून्य भरलं. हे शून्य नेमकं कशाचं माप आहे?

माझ्या पायलटच्या वेळी एका शिबिरात रांगेतले एक काका ‘नाही’ लिहून मोकळे झाले आणि मग गप्पांच्या ओघात म्हणाले, “रक्त पातळ व्हायची गोळी तेवढी घेतो, पण ते काय औषध थोडंच, रोजचंच आहे!” ती ॲस्पिरिनची गोळी होती. मी लगेच शिबिरातल्या डॉक्टरांना सांगितलं. ॲस्पिरिनमुळे प्लेटलेटचं काम बिघडतं आणि ती प्लेटलेट जिवंत असेपर्यंत, म्हणजे ७ ते १० दिवस, पुन्हा सुधारत नाही. अशा प्लेटलेट रक्तस्राव होणाऱ्या रुग्णाला दिल्या तर त्याचा फायदा कमी होतो.

आता या विषयातला एक गाजलेला पेपर घेऊ. ब्रायन कस्टर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली ‘ब्लड’मध्ये अमेरिकेतल्या रक्तदात्यांचा अभ्यास मांडला. त्यांनी उत्तरांवर न थांबता रक्तातच औषध शोधलं. एचआयव्हीबाधित २९९ नमुन्यांपैकी ४६ मध्ये (१५.४ टक्के) एचआयव्हीवरची औषधं सापडली. पहिल्यांदा रक्त देणाऱ्या पुरुषांच्या १४९४ नमुन्यांपैकी ९ मध्ये प्रेपची, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची औषधं सापडली. हे गंभीर आहे, कारण या औषधांमुळे विषाणूचं प्रमाण खूप खाली जाऊ शकतं, अँटिबॉडी उशिरा तयार होऊ शकतात आणि चाचणीतून संसर्ग निसटू शकतो.

पेपरची पद्धत भक्कम आहे. माझा आक्षेप आपल्या वाचनावर आहे. जर्नल क्लबमध्ये असा पेपर आला की कुणीतरी म्हणतंच, “म्हणजे १५ टक्के दाते खोटं बोलतात.” इथे तीन चुका आहेत.

पहिली चूक छेदाची. १५.४ टक्के हे एचआयव्हीबाधित नमुन्यांपैकी आहेत, सगळ्या दात्यांपैकी नाहीत. त्याच अभ्यासात संसर्ग नसलेल्या ३०० नमुन्यांत ही उपचाराची औषधं एकातही सापडली नव्हती.

दुसरी चूक हेतूची. रक्ताची चाचणी औषध दाखवते, कारण दाखवत नाही. एचआयव्हीवर उपचार घेणाऱ्याने माहिती दडवली असेल, तर त्यामागे भीती किंवा लाज असू शकते. पण प्रेप घेणारा निरोगी असतो. त्याची गोष्ट आमच्या काकांसारखी असू शकते: आजार नाही, मग औषध कसलं? म्हणून आधी हे तपासा की त्या फॉर्मवर गोळीचं नाव विचारलं होतं की नुसतं ‘औषध’.

तिसरी चूक प्रयोगशाळेला अंतिम सत्य मानण्याची. औषध काही काळाने शरीरातून निघून जातं. त्यामुळे ‘सापडलं’ हा पक्का पुरावा आहे, पण ‘सापडलं नाही’ म्हणजे ‘घेतलंच नाही’ असं होत नाही.

माझ्या पहिल्या मसुद्यात मीही काकांच्या उत्तरापुढे ‘चुकीची माहिती’ असा शेरा मारला होता. गाइडनी विचारलं, “चूक कुणाची?” प्रश्न मी लिहिला होता, त्यामुळे उत्तर सोपं होतं.

तेव्हा तुमच्या प्रश्नावलीत ‘औषध घेता का’ एवढ्यावर थांबू नका. बीपी, शुगर, थायरॉइड, मुरुमं, केसगळती, अंगदुखी असं एकेक विचारा. गोळ्यांची नावं वाचून दाखवा. मागे रांग उभी असताना विचारू नका. जमल्यास थोड्या नमुन्यांची, परवानगी घेऊन, प्रयोगशाळेत पडताळणी करा. आणि एक्सेलमधल्या त्या रकान्याचं नाव ‘औषध घेत नाही’ असं न ठेवता ‘नाही म्हणाले’ असं ठेवा. आपल्याकडे डेटा तेवढाच आहे.