लेन्स कुणाची, निष्ठा कुणाची?

मागच्या व्याख्यानात ‘निष्ठा’ या शब्दाविषयी बोललो होतो. ते संपल्यावर एक तरुण श्रोता भेटला, गळ्यात कॅमेरा. म्हणाला, “सर, मी पक्का निकॉनवाला. आमच्या ग्रुपमधल्या कॅननवाल्यांशी माझं रोज वाजतं. ही निष्ठा तुमच्या व्याख्येत बसते का?” तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. घरी गेल्यावर वाटलं, प्रश्न चांगला होता, आपण उगाच उडवून लावला. म्हणून आज तोच घेतो.

व्यवस्थापनशास्त्राकडे याचं तयार उत्तर असतं. गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा त्याच कंपनीचा माल घेतं, म्हणजे ते ‘ब्रँड लॉयल’. मोजायला सोपं. पण मोजलं ते काय, हा प्रश्न राहतोच. कॅमेऱ्याची गोष्ट साबणासारखी नाही. साबण संपला की नवा आणताना तुम्ही मोकळे असता. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात बॉडी आणि लेन्स एका धातूच्या कड्यापाशी जोडल्या जातात. त्याला माउंट म्हणतात, मी बैठक म्हणेन. बहुतेक कंपन्यांची बैठक निराळी. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, लेन्स वीस-वीस वर्षं चालते. तीन-चार चांगल्या लेन्सेस जमल्या की पुढची बॉडी कुणाची घ्यायची, हे तुम्ही ठरवत नाही, लेन्सेस ठरवतात. याला निष्ठा म्हणायचं? मग घराचं कर्ज फेडणारा प्रत्येक जण बँकेशी एकनिष्ठ म्हणावा लागेल. (हशा)

निष्ठा या शब्दाच्या मुळाशी ‘स्था’ धातू आहे, उभं राहणं. जायची मोकळीक असताना जो उभा राहतो, त्याच्याबद्दलच हा शब्द वापरावा असं मला वाटतं. म्हणून आपण ते प्रसंग बघू, जेव्हा कंपनीनेच बैठक बदलली आणि गिऱ्हाईक एकदम मोकळं झालं.

१९८७ साली कॅननने ईओएस मालिका आणली. १९७१पासूनच्या एफडी लेन्सेस नव्या बॉडीवर बसेनात. लोक चिडले, आणि चिडायलाच हवं होतं. निकॉनने मात्र १९५९ची एफ बैठक सोडली नाही, तिच्यावरच ऑटोफोकस आणला. निष्ठेला निष्ठेचं फळ मिळत असतं, तर नव्वदचं दशक निकॉनचं व्हायला हवं होतं. झालं उलटं. कॅननने मोटर प्रत्येक लेन्सच्या पोटातच बसवली, बैठकीचा व्यास ५४ मिलिमीटर ठेवला, निकॉनचा होता ४४, आणि बॉडी-लेन्समधला सगळा संवाद विजेवर सोपवला. निकॉन बराच काळ बॉडीतल्या मोटरने एक दांडा फिरवून लेन्स हलवत होती. पळणारा खेळाडू टिपायचा तर हा फरक कळतो. मैदानाच्या कडेला कॅननच्या पांढऱ्या लेन्सेसची रांग दिसू लागली, आणि त्या रांगेत आधीचे निकॉनवाले बरेच होते. जुना शब्द पाळणारी कंपनी मागे पडली. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे पचवणं जड जातं, पण आहे ते असं आहे.

गंमत म्हणजे निकॉनचा स्वतःचा लौकिकही एका पक्षांतरातूनच आला. १९५० साली ‘लाइफ’ साप्ताहिकाचे डेव्हिड डग्लस डंकन जपानमध्ये होते. त्यांनी निकॉनच्या निक्कॉर लेन्सेस पाहिल्या, आपल्या लायका कॅमेऱ्यांवर चढवल्या आणि कोरियाचं युद्ध त्यांनी टिपलं. काच असावी तर जर्मनच, हा समज तिथून ढासळू लागला. तेव्हा डंकन जर्मन काचेशी ‘एकनिष्ठ’ राहिले असते तर?

पण सगळ्यात बोलकी कथा मिनोल्टाची आहे. १९८५चा मिनोल्टा ७००० हा ऑटोफोकस खऱ्या अर्थाने लोकांपर्यंत नेणारा पहिला एसएलआर. त्यासाठी मिनोल्टानेही आपली जुनी बैठक मोडली होती, हे आपण सोयीने विसरतो. मग हनीवेल या अमेरिकन कंपनीने पेटंटचा दावा लावला आणि १९९२मध्ये मिनोल्टाला साडेबारा कोटी डॉलरहून जास्त मोजावे लागले. २००३मध्ये कोनिकाशी विलीनीकरण. २००६मध्ये कोनिका मिनोल्टाने कॅमेऱ्यांचा धंदाच सोडला आणि तो सोनीकडे गेला. त्याच वर्षी सोनीचा अल्फा १०० बाजारात आला, मिनोल्टाच्याच बैठकीसह.

आता त्या मिनोल्टावाल्याच्या जागी स्वतःला ठेवा. लेन्स तीच, बैठक तीच, वरचं नाव वेगळं. एकेक फळी बदलत गेलेलं थीसियसचं जहाज तुम्हाला आठवेल. इथे फळ्या राहिल्या आणि जहाजाचं नाव, मालक, खलाशी बदलले. तो सोनीशी निष्ठावान झाला की मिनोल्टाशीच राहिला? बरेच जण राहिले. आणि पुढे काय झालं? सोनीने २०१०मध्ये ई नावाची दुसरीच बैठक काढली, २०१३मध्ये तिच्यावर फुल-फ्रेम मिररलेस अल्फा ७ आणला आणि सगळं लक्ष तिकडे वळवलं. जुन्या बैठकीवरची शेवटची बॉडी २०१६ची. २०२१मध्ये ती माळच विक्रीतून गेली. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे वासे जागेवर होते, घरच फिरलं.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचं १९७०चं एक छोटं पुस्तक आहे. संस्था घसरू लागली की माणूस एक तर निघून जातो, नाही तर आवाज उठवतो. जिव्हाळा असेल तर जाणं लांबतं आणि आवाजाला संधी मिळते, असं त्यांचं म्हणणं. विचार मोलाचा आहे. पण त्यात आवाज ऐकणारं कुणीतरी गृहीत धरलंय. कॅमेऱ्यांच्या बाजारात असं कधीमधी घडतं. फुजीफिल्मने २०१३मध्ये एक्स१००ची पुढची आवृत्ती विकायला काढल्यानंतरही जुन्या एक्स१००ला मोठी सुधारणा फुकट दिली. ते मला मनापासून आवडलं. तरीही फुजी तरली ती त्यामुळे नाही. फिल्मचा बाजार बसला तेव्हा एलसीडी पडद्यांसाठीचे पापुद्रे, वैद्यकीय उपकरणं, अगदी सौंदर्यप्रसाधनं यांनी तिला हात दिला. कोडॅकची कथा तर सर्वांना पाठ आहे, पण तीही अर्धीच सांगतात. १९७५मध्ये डिजिटल कॅमेरा तिथेच बनला आणि २००५च्या आसपास अमेरिकेत डिजिटल कॅमेरे विकण्यात कोडॅक आघाडीवरही होती. गिऱ्हाईक सोडून गेलं नव्हतं. फिल्ममध्ये जो नफा होता, तो त्या कॅमेऱ्यांत नव्हता, इतकंच.

आणि या निकॉन-कॅनन भांडणाबाहेर काय चाललं होतं बघा. २०१०मध्ये जगभरात बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कंपन्यांतून बाहेर पडले. २०२३मध्ये ऐंशी लाखही नाहीत. ही माणसं एका ब्रँडकडून दुसऱ्याकडे गेली नाहीत. फोन घेतला आणि कॅमेरा कपाटात ठेवला, कुणाशी न भांडता.

मग त्या तरुणाला काय सांगू? त्याचं सगळंच खोटं आहे असं नाही. निकॉनची लेन्स कॅननच्या उलट दिशेने फिरते. वीस वर्षं एका दिशेने फिरवलेल्या बोटांना ते माहीत असतं, डोक्याला कळायच्या आधी. हा जिव्हाळा खरा आहे. फक्त तो कंपनीशी नाही, कमावलेल्या हाताशी आहे. निकॉनने २०१८मध्ये स्वतःच झेड ही नवी बैठक आणली, तरी फिरवायची दिशा मात्र तीच ठेवली.

जाता जाता त्या एफडी लेन्सेसचं सांगतो. त्या सेन्सरपासून ४२ मिलिमीटरवर बसाव्या लागतात, ईओएसची बैठक ४४वर. त्यामुळे मध्ये जास्तीची काच घातल्याशिवाय त्या तिथे दूरचं चित्र स्पष्ट देऊच शकत नव्हत्या. मिररलेसमध्ये आरसा गेला, सोनीची ई बैठक १८ मिलिमीटरवर आली. मध्ये जागाच जागा. साधं एक कडं लावलं की बसली लेन्स. कॅननने १९८७मध्ये वाऱ्यावर सोडलेल्या त्या लेन्सेस आज सोनीच्या बॉडीवर मजेत चालतात, आणि जुन्या बाजारात त्यांना चांगलं गिऱ्हाईक आहे.

थांबतो. मागे कुणाचा तरी हात वर आहे... हां, विचारा.