रानभाज्यांचे पेपर वाचताना : तक्त्यात नसलेला रकाना

आषाढ लागला की दरवर्षी मला व्हॉट्सॲपवर रानभाज्यांची कुठली ना कुठली पीडीएफ येते. 'अमुक तालुक्यातील रानभाज्यांचा लोकवनस्पतिशास्त्रीय अभ्यास.' खाली प्रश्न असतो : "तू यातलीच ना? हे खरं आहे का?" तर आजची पोस्ट त्या प्रश्नासाठी. कुठल्या एका पेपरवर टीका करायची नाहीये. या पेपरांचा एक साचा झालाय, आणि बोलायचंय ते त्या साच्याबद्दल.

उदाहरणासाठी गाव घेऊ इंझोरी. वाशीम जिल्हा, मानोरा तालुका. खरिपात सोयाबीन आणि तूर. तालुक्यात बंजारा तांडे बरेच, पोहरादेवी याच तालुक्यात. 2018 मध्ये केंद्र सरकारने 'आकांक्षित जिल्हे' निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार होते : वाशीम, नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव). म्हणजे 'ही भाजी खा, लोह मिळेल' हे वाक्य इथे नुसतं गप्पांचं नाही. कुणाच्या तरी ताटाबद्दल आहे ते.

आधी श्रेय देऊ

हे पेपर निरुपयोगी नाहीत. तरोटा, काटवल, चिवळ, घोळ, केना, कुंजर, पाथरी ही नावं ज्यांना येतात त्या बाया म्हाताऱ्या होत चालल्यात. कुणीतरी वही घेऊन त्यांच्याकडे गेलं, शास्त्रीय नावाशी ते नाव जोडलं, हे काम मोलाचं आहे. माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. यादीला निष्कर्ष म्हणून विकलं जातं, तिथे.

नाव एक, झाडं तीन

तक्त्यात एक ओळ असते : 'तरोटा, सेन्ना टोरा, पानांची भाजी, त्वचारोगावर.' आता गंमत बघा. सेन्ना टोरा आणि सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया ही दोन झाडं इतकी सारखी दिसतात की वनस्पतिशास्त्रज्ञही त्यांची गल्लत करतात. लोक दोन्हींना तरोटाच म्हणतात. ही गल्लत तशी चालून जाईल. पण त्याच वंशातलं तिसरं झाड आहे, सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस, म्हणजे कासविंदा. तेही पावसाळ्यात तसंच रस्त्याकडेला, पडीक जागेत उगवतं. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दरवर्षी तापाशिवाय अचानक बेशुद्ध पडून दगावत होती आणि त्याला विषाणूचा मेंदूज्वर समजलं जात होतं. बिजनौरच्या विपिन वशिष्ठ आणि सहकाऱ्यांनी 2007 च्या सुमारास दाखवून दिलं की कारण विषाणू नव्हताच. मुलांनी कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खाल्ल्या होत्या. यकृत, स्नायू आणि मेंदू, तिन्हींवर एकदम घाव.

फरक ओळखता येतो. तरोट्याच्या पर्णिका टोकाला गोल, बहुधा तीन जोड्या. कासविंद्याच्या टोकदार, जोड्या जास्त. शेंगाही वेगळ्या : तरोट्याची बारीक, लांब, वाकलेली, कासविंद्याची चपटी आणि रुंद. एवढ्या चार वाक्यांना पेपरात जागा नसते. म्हणून पेपर उघडला की आधी बघा, नमुना वाळवून हर्बेरियममध्ये ठेवलाय का, त्याचा नंबर दिलाय का. मुंबईचं ब्लॅटर हर्बेरियम किंवा पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र अशा ठिकाणी नमुना असेल, तर उद्या कुणीही जाऊन तपासू शकतं. नंबर नसेल तर ती ओळ म्हणजे ऐकीव गोष्ट. चांगली असेल, पण ऐकीवच.

आणखी एक. स्थानिक नाव म्हणून एकच मराठी नाव छापलेलं असतं. मानोरा तालुक्यात अभ्यास करायचा आणि तांड्यावरची गोरमाटी नावं लिहायचीच नाहीत, म्हणजे माहिती देणाऱ्यांचा एक अख्खा गट तक्त्याबाहेर.

तीस मिलिग्रॅमची जादू

आता लोहाकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामुळे 'या भाजीत 30 मिलिग्रॅम लोह' असं वाचलं की बरं वाटतं. प्रौढ स्त्रीची रोजची गरज 29 मिलिग्रॅम धरतात. काम झालं की!

थांबा. तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. बहुतेक वेळा असतं : 'प्रति 100 ग्रॅम, शुष्क वजन.' म्हणजे वाळवून केलेली पूड. ताज्या पालेभाजीत साधारण 88 टक्के पाणी धरू. मग 100 ग्रॅम ताज्या पानांतून पूड निघते 12 ग्रॅम, आणि लोह मिळतं 3.6 मिलिग्रॅम. ते 30 मिलिग्रॅम मिळवायला आठशे ग्रॅमच्या वर ताजी भाजी खावी लागेल, एकट्या माणसाने, एका दिवसात. 3.6 मिलिग्रॅम वाईट नाही हं. चांगलंच आहे. पण ही चांगली भाजी आहे, गोळी नाही. त्यात पानं नीट धुतली नसतील तर यंत्र मातीतलं लोहही मोजतं.

शिवाय पूड कच्च्या पानांची असते. घरात तरोटा कसा करतात? उकडायचा, पिळायचा, पाणी फेकायचं, मग कांदा-लसणाची फोडणी. घोळीचंच घ्या. सिमोपौलोस यांच्या 1992 च्या अभ्यासात 100 ग्रॅम ताज्या घोळीत 300 ते 400 मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-3, आढळलं. पालेभाजीसाठी हे खरंच विशेष. पण त्याच घोळीत ऑक्झलेटही भरपूर असतं, ते कॅल्शियमला अडकवून ठेवतं, आणि मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी जपून खावं. उकडून पाणी टाकलं की विरघळणारं ऑक्झलेट कमी होतं आणि सोबत क जीवनसत्त्वही जातं. स्वयंपाकघरातली ही देवाणघेवाण मोजणारा पेपर मिळाला तर मला जरूर पाठवा, मी नाचेन.

सासू-सुनेची शंभर टक्के सहमती

आजकाल या पेपरांत गणितही असतं. सगळ्यात आवडता आकडा म्हणजे माहितीदारांच्या सहमतीचा निर्देशांक. एखाद्या आजारासाठी किती वेळा उपयोग नोंदवला गेला, त्यातून किती वनस्पती सांगितल्या गेल्या ते वजा करायचं, आणि एकूण नोंदी उणे एक याने भागायचं. त्वचारोगासाठी 20 नोंदी आणि 3 वनस्पती असतील, तर 17 भागिले 19, म्हणजे 0.89. 'उच्च सहमती, म्हणून औषधी गुणधर्माची शक्यता.' असा निष्कर्ष.

आता समजा एका घरातल्या सासूने आणि सुनेने तापावर एकच झाड सांगितलं. नोंदी 2, वनस्पती 1. एक भागिले एक : 1.00. पूर्ण सहमती! सुनेला ते सासूनेच शिकवलेलं. सूत्राला हे कळत नाही. सूत्र धरून चालतं की प्रत्येक माणूस स्वतंत्रपणे त्या निष्कर्षाला आला. एकाच गल्लीत, एकाच बैठकीत वीस जणांना विचारलं तर मोजली जाते ती शेजारधर्माची ताकद. ज्ञान कसं पसरतं हे कळायला तीही उपयोगाची आहे. पण झाडाच्या औषधीपणाचा तो पुरावा नव्हे.

आणि तो रकाना

माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव ही. तक्त्यात 'अधिवास' असा रकाना असतो आणि त्यात लिहिलेलं असतं : 'पडीक जमीन, शेताचे बांध.' प्रस्तावनेत मात्र लिहिलेलं असतं : 'नैसर्गिकरीत्या उगवणाऱ्या, रसायनमुक्त.'

इंझोरीच्या शिवारात बांध कुणाचा असतो? सोयाबीनच्या शेताचा. तांदुळजा, घोळ, केना, कुंजर, तरोटा या आपल्यासाठी भाज्या, सोयाबीनसाठी तण. पेरणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी इमॅझेथापायरसारखं तणनाशक मारतात, ते नेमकं या कोवळ्या, दोन-चार पानांच्या रोपांवरच. आणि भाजी खुडायची तीही कोवळीच. एकच आठवडा, एकच रोप, दोन हात : एकात पंप, दुसऱ्यात ओटी.

तणनाशकाच्या लेबलवर सोयाबीनसाठी प्रतीक्षा काळ दिलेला असतो. बांधावरच्या तरोट्यासाठी नसतो, कारण लेबलच्या लेखी तरोटा हे अन्नच नाही. संशोधनाच्या लेखी ते अन्न आहे, पण तिथे फवारणी नाही. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर, आणि मधे खुडणारी बाई उभी. बहुतेकदा दुसऱ्याच्या शेतात निंदायला आलेली. कालच फवारलंय हे तिला कुणी सांगेलच असं नाही.

म्हणून तक्त्यात एक रकाना हवा : कुठून खुडली, आणि तिथे शेवटची फवारणी कधी झाली. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, प्रश्न विचारावा लागतो. तो न विचारता 'रसायनमुक्त' लिहिणं हा निष्काळजीपणा आहे.

'लागवडीस वाव आहे'

हे या पेपरांचं ठरलेलं शेवटचं वाक्य. कृषी विभाग 2020 पासून 9 ऑगस्टच्या आसपास रानभाजी महोत्सव भरवतो, त्यामुळे या वाक्याला आता व्यासपीठही मिळालंय. महोत्सव मला आवडतो. पण वाक्य फुकटचं आहे.

काटवल घ्या, भाव चांगला मिळतो. पण काटवलात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. बियांना सुप्तावस्था असते, उगवण रखडते, आणि फुलं येईपर्यंत नर की मादी ते कळत नाही. साधारण निम्मे वेल नर निघतात. म्हणून लागवड कंदांपासून करायची आणि आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेवायचा. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने 'इंदिरा कंकोडा-1' हा वाण दिला आहे. एवढं लिहिलं असतं तर 'वाव' या शब्दाला अर्थ आला असता.

बाजाराचं काय होतं तेही बघितलंय आपण. सफेद मुसळीचं वर्णन 1955 मध्ये सांतापाव आणि फर्नांडिस यांनी केलं, नावातच बोरिवली आहे. पुढे जंगलातले कंद ओरबाडले गेले, मग 2000 च्या आसपास लागवडीची लाट आली, परत खरेदीची आश्वासनं आली, आणि भाव कोसळले. विदर्भात ते आठवणारे शेतकरी अजून आहेत. त्यांना 'वाव आहे' म्हणताना जरा जपून.

तर पुढची पीडीएफ आली की मला पाठवण्याआधी चार गोष्टी बघा : नमुन्याचा नंबर, ताजं की शुष्क वजन, कोणाला आणि कसं विचारलं, आणि भाजी कुठून खुडली. चारही सापडल्या तर पेपर जपून ठेवा. आणि तोवर भाजी सोडू नका. फक्त फवारलेल्या शेताचा बांध टाळा, आणि ओळखणाऱ्या बाईला सोबत घ्या.