सौ. डेकवर उभी होती

पुण्यात निवृत्त झालेल्या माणसाला दोन गोष्टी चुकत नाहीत. एक मोतीबिंदू आणि दुसरी प्रवासवर्णन. मोतीबिंदू निदान ज्याचा त्याच्या डोळ्यावर येतो. प्रवासवर्णन दुसऱ्यांच्या डोळ्यांवर येतं.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी गेल्या हिवाळ्यात सपत्नीक मुंबई-गोवा-कोची अशी बोटीची सफर केली आणि पावसाळ्याच्या आत ११२ पानांचं पुस्तक स्वखर्चानं छापून मोकळे झाले. प्रकाशनाला पुस्तकावर बोलायला कोणीतरी हवं होतं. ठरलेल्या प्राध्यापकांचा ऐन वेळी घसा बसला. पुस्तक वाचून बसला, असं त्यांचे शत्रू म्हणतात. मग पाळी माझ्यावर आली. मी म्हटलं, "काका, मी बी. कॉम., बँकेत कारकून. मला साहित्यातलं काय कळतं?" काका म्हणाले, "दिवसभर लोकांची पुस्तकंच बघता की!" ती पासबुकं असतात, हे सांगायचं राहून गेलं.

तेव्हा मला जे येतं तेच मी केलं. पेन्सिल घेतली आणि पुस्तकाची पानं त्या त्या खात्यावर टाकली. बुफे : ३१ पानं. केबिन, तिचा नळ आणि नळाचं गरम पाणी : १४. बोटीवर भेटलेले पुणेकर : १२. जादूगाराचा कार्यक्रम : ९. कोची : ६. समुद्र : ४. उरलेली पानं किरकोळ खर्चात.

आता कोचीचंच घ्या. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला. तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरला आणि १५३९ मध्ये त्याचे अवशेष उकरून पोर्तुगालला नेले. ज्या मिऱ्यांच्या वासानं तो आला, ते मिरे तिथे अजून विकायला आहेत. काका त्याच चर्चमध्ये जाऊन आले. पुस्तकात एवढंच आहे : 'चर्चमध्ये गारवा छान होता.' मिऱ्यांचा भाव मात्र दिला आहे, तो बरोबर असावा.

पण माझी मुख्य तक्रार कोचीची नाही, त्याच्या अलीकडची आहे. पान २२ वर संध्याकाळी मुंबईचे दिवे मावळतात आणि पान ५४ वर काका लिहितात, 'डोळे उघडून पाहतो तो गोवा!' मधल्या ३१ पानांत काय आहे? रात्रीचं जेवण आहे. तेवढ्या जेवणात बाहेर अख्खं कोकण निघून गेलं. हर्णैचा सुवर्णदुर्ग गेला. ज्यापुढे १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह आरमार घेऊन आले होते, तो विजयदुर्ग गेला. महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग गेला. डच वखारीचं वेंगुर्ला गेलं. आणि रत्नागिरीही गेली.

जोडप्यानं बोटीत बसून बंदरांमागून बंदरं पाहायची हौस काही आजची नाही. काहींना तर हौस नसताना पाहावी लागली. ब्रह्मदेशचा थिबा राजा आणि सुपयालत राणी यांचं राज्य घेऊन इंग्रजांनी त्यांना १८८५ मध्ये बोटीत बसवलं. आधी रंगूनहून मद्रास आणि १८८६ मध्ये तिथून रत्नागिरी. राजा १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. राणीला परत जायला १९१९ उजाडलं, तेही राजाविना. समोर समुद्र आणि जायची बोट नाही, अशी तीस वर्षं ज्या किनाऱ्यावर गेली, तो किनारा काकांच्या पुस्तकात पनीर टिक्क्याच्या आसपास कुठेतरी आहे.

हा सगळा दोष काकांचा नाही. नव्या बोटीची बांधणीच अशी की बोट हेच गाव. खालचं बंदर म्हणजे जरा पाय मोकळे करून जेवायच्या वेळेला परत यायची जागा. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून पणजीपर्यंत कोकणची बोट जायची. 'रोहिणी' होती, 'कोकण सेवक' होती. तीही बंद होऊन आता कैक वर्षं झाली. ती बोट बंदराबंदरावर थांबायची, पण पुष्कळ ठिकाणी धक्क्याला लागायची नाही. लांब समुद्रात उभी राहायची, मग किनाऱ्यावरून होड्या यायच्या आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, सगळं त्यात उतरायचं. पाय भिजल्याशिवाय गाव भेटायचं नाही. बुफे नव्हता. जे पोटात असे तेही पुष्कळदा राहत नसे.

दुसरी तक्रार 'सौ.'ची. आपल्या प्रवासवर्णनांत 'सौ.' हा सामानाचाच एक नग असतो. काकांच्या पुस्तकात ती १७ वेळा येते : बॅग शोधताना, चक्कर आल्यावर, साड्यांच्या दुकानात. पंडिता रमाबाईंनी 'इंग्लंडचा प्रवास' १८८३ मध्येच लिहून ठेवला, तरी आमची सौ. अजून बॅगच शोधते आहे. वाचकांनी पुलंची 'अपूर्वाई' १९६० मध्ये वाचली. सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' यायला १९९० उजाडलं. पुलंसाठी माणूस तीस वर्षं थांबेल. आमच्या काकांसाठी कोण थांबणार?

तर या १७ नोंदींपैकी एक पान ४१ वर आहे : 'सौ. मात्र थंडी वाजत असूनही जेवण टाकून डेकवर उभी होती. परत आली तोवर गुलाबजाम संपले होते.' पुढे दोन पानं गुलाबजाम. पहिल्या वाक्यापाशी माझी पेन्सिल थांबली. एवढ्या मोठ्या नोंदीला व्हाउचर नाही! समारंभाच्या आदल्या दिवशी मी काकूंनाच विचारलं.

"अरे, माहेर मालवणचं ना माझं," काकू म्हणाल्या. "लहानपणी मे महिन्यात बोटीनं जायचो. सत्तेचाळीस साली 'रामदास' बुडाली, तेव्हापासून आई बोटीत चढली की मालवण येईपर्यंत हातातला नारळ सोडायची नाही. दिवा दिसला की आम्हाला उठवायची, बघा, रत्नागिरी आली. किती वर्षांनी पुन्हा त्या वाटेनं गेले."

"पण काकू, जेवणाच्या वेळेला मालवण कुठलं? ते पहाटे आलं असणार."

"मग पहाटे पुन्हा गेले की! हे झोपले होते. लांब एक दिवा दिसला. आपलाच असेल म्हटलं. थांबायचं नव्हतंच बोटीला. नमस्कार केला आणि आले आत." थोडं थांबून म्हणाल्या, "त्यात लिहिण्यासारखं काय आहे?"

समारंभात मी एवढंच सांगितलं की पुस्तक ११२ पानांचं असलं तरी प्रवासवर्णन त्यात एकाच वाक्याचं आहे, ते पान ४१ वर आहे आणि ते लेखकाच्या हातून नजरचुकीनं राहून गेलं आहे. मग ते वाक्य वाचून दाखवलं आणि पहाटेच्या दिव्याचंही सांगितलं. टाळ्या बेताच्या पडल्या. काकांचा चेहरा चेक परत आल्यासारखा झाला.

नंतर अल्पोपाहाराच्या रांगेत ते माझ्या पुढेच होते. काकूंना हळू आवाजात म्हणाले, "मला उठवायचं नाहीस का?"

"उठवलं असतं," काकू म्हणाल्या, "तर पुस्तकात आलं असतं."

काका काही बोलले नाहीत. त्यांनी आपल्या बशीतला गुलाबजाम उचलला आणि काकूंच्या बशीत ठेवला.