मृत्युपत्र आणि कुलेतिहास

मराठीतील कुलवृत्तांतांनी वंशावळी जतन करण्याचे मोलाचे कार्य केले आहे. तथापि त्यांतील वंशवृक्ष बहुधा पुरुषसंततीचाच असतो. लेकीसुनांना त्यात स्थान मिळते ते ओझरते. ही उणीव दूर करण्यासाठी जुनी मृत्युपत्रे व मिळकतीची कागदपत्रे शोधावीत, हा आग्रह रास्तच आहे. मात्र ही साधने वाचताना इंग्लंडातील पद्धती जशीच्या तशी स्वीकारणे घातक ठरेल.

इंग्लंडात 1858 पासून प्रोबेटचे काम दिवाणी न्यायालयाकडे आले व त्याची वार्षिक सूची सिद्ध होऊ लागली. आपल्याकडे 1870 चा हिंदू विल्स ॲक्ट मुंबई शहरास लागू झाला. मुंबई इलाख्याच्या मुफसलातील मृत्युपत्रे न्यायालयात आलीच पाहिजेत असे बंधन नव्हते. म्हणून उच्च न्यायालयाच्या दप्तरावरून साऱ्या महाराष्ट्राविषयी अनुमान काढणे युक्त नव्हे. मुफसलासाठी नोंदणी कचेरीकडे वळावे. 1908 च्या नोंदणी कायद्याने मृत्युपत्रे व दत्तकाची अधिकारपत्रे ह्यांसाठी तिसऱ्या क्रमांकाचे पुस्तक नेमून दिले आणि कर्त्याच्या मृत्यूनंतर कोणासही नक्कल मागण्याची मुभा ठेवली. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक होती, हे मात्र विसरता कामा नये.

खरा प्रश्न अर्थनिर्णयाचा आहे. मिताक्षरेप्रमाणे एकत्र कुटुंबातील अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येत नसे. तो अधिकार 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने दिला. तत्पूर्वीच्या मृत्युपत्रात एखाद्या पुत्राचा उल्लेख नसेल, तर तेवढ्यावरून तो बेदखल झाला असे ठरत नाही; वडिलोपार्जित मिळकतीत त्याचा हिस्सा जन्मतःच होता. उलट, त्याच मृत्युपत्रातील ‘स्वकष्टार्जित’ हा शब्द वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून घेता येत नाही. मिळकत स्वकष्टार्जित ठरली तरच ती हवी त्यास देता येई. अर्थात तो शब्द हा कर्त्याचा दावा होय. इनाम कमिशनपुढे सादर झालेल्या वंशावळींनाही हाच न्याय लावावा लागतो. हक्क शाबीत करण्यासाठी दिलेली वंशावळ हक्काला सोयीची असण्याचा संभव नेहमीच असतो.

ह्यास्तव मृत्युपत्र एकटे वाचू नये. वाटणीपत्र, दत्तकपत्र आणि वारसाच्या दाव्यांतील जबान्या त्याच्याशेजारी ठेवल्या पाहिजेत. विधवेचे अन्नवस्त्र, राहावयास दिलेली खोली, स्त्रीधनाचे दागिने, अविवाहित कन्येच्या लग्नखर्चाची तजवीज अशा तपशिलांतून घरातील स्त्रिया नावानिशी पुढे येतात. पण तेथेही त्यांची ओळख बहुधा पोसावयाच्या व्यक्ती अशीच होते. हिशेब लिहिणारा पुरुषच असतो. वंशवृक्षात गाळलेली नावे भरली म्हणजे कुलेतिहास पुरा झाला, असे म्हणता येणार नाही. ती नावे कोणत्या हेतूने लिहिली गेली, हे सांगणे हेही संशोधकाचे कर्तव्य आहे.